कोड लिहायला एडिटर निवडताय? आधी आपल्याच फाइलींवर घासून बघा

कोडसाठी कुठला एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, घ्यावा असं कुणी विचारलं की लगेच नावं सुरू होतात, कुणी व्हीएस कोड म्हणतो, कुणी विम, एखादा ज्येष्ठ माणूस इमॅक्सचं नाव घेतो आणि विचारणारा पहिल्या नावावर क्लिक करून मोकळा होतो. मी बरीच वर्षं पतसंस्था आणि छोट्या दुकानांसाठी मराठी पावत्या, खतावण्या छापणारी सॉफ्टवेअरं लिहितोय, दिवसाचे आठ नऊ तास एडिटरसमोरच जातात, आणि माझं ठाम मत आहे की नाव सगळ्यात शेवटी यावं. आधी आपलं मशीन, आपलं काम, आपल्या फाइली. चप्पल घेताना पायात घालून दुकानात चार पावलं टाकून बघतोच ना आपण, तसंच. नवी कोल्हापुरी चावते आणि काही दिवसांनी पायाला बसते, पण मापच चुकलेलं असेल तर वर्षभर घातली तरी चावतच राहणार. एडिटर शिकताना होणारा त्रास आणि चुकीच्या एडिटरचा त्रास हे असेच दोन वेगळे त्रास आहेत, आणि ते वेगळे ओळखता यावेत म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी वही घ्या, डाउनलोड नंतर

चार गोष्टी लिहून काढा. मशीनमध्ये रॅम किती आणि रोजचं सगळं चालू असताना त्यातली मोकळी किती राहते. कुठल्या भाषेत लिहिणार. कोड शेवटी चालणार कुठे, आपल्याच लॅपटॉपवर की लांबच्या लिनक्स सर्व्हरवर. आणि चौथी गोष्ट जी सहसा कुणी लिहीत नाही, कोडमध्ये मराठी मजकूर येणार आहे का.

रॅमचं उदाहरण घरातलंच देतो. माझी पुतणी यंदा डिप्लोमाला गेली, तिला घरातला जुना लॅपटॉप मिळाला, ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क. म्हणाली, काका, सगळ्यांनी तो निळ्या आयकॉनवाला टाकलाय, मी पण टाकू का? म्हटलं आधी ब्राउझर नेहमीसारखा उघडा ठेव आणि टास्क मॅनेजर बघ. मोकळी रॅम जेमतेम ७०० एमबी निघाली. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर बांधलेला आहे, म्हणजे एडिटरच्या पोटात अख्खं क्रोमियम, क्रोम ब्राउझरचा गाभा, असतं, त्यात पायथनचं एक्स्टेन्शन (वरून बसवायची जादा सोय) आलं, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) आलं, ७०० एमबीत हे भागत नाही, मग हार्ड डिस्क खरडत बसते, अक्षर टाइप केल्यावर सेकंदाने उमटतं आणि पोरांना वाटतं आपल्यालाच कोडिंग जमत नाही. हे मला फार लागतं. बऱ्याच कॉलेजांत अजून डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉसचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टर्बो सीची निळी स्क्रीन उघडून प्रॅक्टिकल होतात, तिथून आलेल्या पोराच्या हातात पहिलाच आधुनिक एडिटर असा रखडत चालणारा पडला तर त्याचं मनच उडतं. तिला नोटपॅड प्लस प्लस टाकून दिला, क्षणात उघडतो, सी आणि पायथन दोन्हीला रंग देतो, कंपाइल शेजारच्या टर्मिनलमध्ये. वर्षभर तेवढं पुरेल तिला.

भाषेमुळे काही ठिकाणी निवड झालेलीच असते, तिथे वेळ घालवू नका. अँड्रॉइडचं ॲप करायचंय तर अँड्रॉइड स्टुडिओ (८ जीबी रॅमच्या खाली नावच काढू नका), आयफोनचं करायचंय तर मॅक आणि एक्सकोड, सी शार्पचं मोठं विंडोज प्रोजेक्ट असेल तर व्हिज्युअल स्टुडिओ. हा व्हिज्युअल स्टुडिओ आणि व्हीएस कोड नावाने भाऊ वाटतात पण दोन वेगळी सॉफ्टवेअरं आहेत, चुकून भलतंच कित्येक जीबीचं डाउनलोड लावून बसलेली माणसं मी पाहिलीत.

बाकी भाषांसाठी, म्हणजे पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी, सी, गो, रस्ट, तुम्ही बऱ्यापैकी मोकळे आहात. पूर्वी तसं नव्हतं. प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेची सोय वेगळी लिहावी लागायची, १० एडिटर आणि २० भाषा म्हटलं की २०० जोडण्या, त्यातल्या निम्म्या अर्धवट. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला आणि ते गणित १० अधिक २० म्हणजे ३० वर आलं. आता भाषेची सगळी अक्कल एका वेगळ्या प्रोग्रामात असते, सी साठी क्लँगडी, रस्टसाठी रस्ट ॲनालायझर, आणि एडिटर फक्त त्याच्याशी बोलतो. त्यामुळे फंक्शनचं नाव सुचवणं, व्याख्येवर उडी मारणं, चूक लाल रेषेने दाखवणं हे व्हीएस कोडमध्ये जसं मिळतं तसंच निओविममध्येही (विमचा नवा अवतार) मिळतं. म्हणजे ‘अमुक भाषेला अमुकच एडिटर’ हा सल्ला कुणी दिला तर तो दहा वर्षं जुना असण्याची शक्यता आहे.

दोन किंवा तीन नावं काढा, जास्त नाही

८ जीबीच्या पुढे रॅम असेल आणि पहिल्यांदाच निवडत असाल तर व्हीएस कोड यादीत असू दे. २०१५ साली आला, फुकट आहे, आणि अडलात तर शेजारच्याला विचारता येतं हा फायदा नवशिक्याला फार मोठा आहे. त्यातला मायक्रोसॉफ्टला माहिती पाठवणारा भाग नको असेल तर त्याच सोर्सवरून बनवलेला व्हीएसकोडियम आहे, फक्त त्यात मायक्रोसॉफ्टचं एक्स्टेन्शनचं दुकान नसतं, ओपन व्हीएसएक्स असतं, म्हणून काही एक्स्टेन्शनं सापडत नाहीत.

सब्लाइम टेक्स्ट जुन्या मशीनवरही लोण्यासारखा चालतो. वैयक्तिक लायसन्स ९९ डॉलर, पण आधी हवे तितके दिवस वापरून बघता येतो, अधूनमधून विकत घ्या अशी आठवण करतो तेवढंच. रोजी रोटी त्यावर असेल तर पैसे भरा, बनवणारी टीम छोटी आहे. लिनक्सवर केडीई हा डेस्कटॉप वापरत असाल तर केट सहसा आधीच बसलेला असतो आणि लोक त्याला उगाच साधा समजतात. विंडोजवाल्यांना नोटपॅड प्लस प्लस आहेच, २००३ पासून चालू आहे. झेड नवा आहे, ॲटम हा जुना एडिटर बनवलेल्याच लोकांनी रस्टमध्ये लिहिलाय, वेगवान आहे.

विम आणि इमॅक्सबद्दल मी एवढंच सांगतो की ते पहिल्या आठवड्यात ठरवायची गोष्ट नाही. विमच्या मुळाशी असलेला व्हीआय बिल जॉयने १९७६ च्या सुमारास लिहिला, ज्या एडीएम थ्री ए टर्मिनलवर लिहिला त्याच्या एच जे के एल बटणांवरच बाण छापलेले होते, म्हणून आजही त्याच चार बटणांनी कर्सर हलतो. हात बसला की वेग विलक्षण येतो, मी स्वतः सर्व्हरवर तोच वापरतो. पण कोड लिहिणं आणि एडिटर चालवणं एकदम शिकायला घेतलं की दोन्ही अर्धवट राहतं.

आता चाचणीचं फोल्डर

ही खरी पायरी आहे. डेस्कटॉपवर एक फोल्डर करा आणि त्यात आपल्या कामातल्याच फाइली टाका, नेटवरून घेतलेल्या नमुन्याच्या नकोत. एक चालू प्रोजेक्ट पूर्ण, एक मोठी लॉग फाइल (प्रोग्रामने केलेल्या नोंदींची), मी १५० एमबीची ठेवतो, एक मराठी मजकूर असलेली फाइल आणि एक विंडोजवर बनवलेली शेल स्क्रिप्ट (लिनक्सच्या कमांड लिहिलेली फाइल). प्रत्येक एडिटरमध्ये हेच फोल्डर उघडायचं.

मोठी फाइल उघडताना बघा की किती वेळ लागतो आणि मध्ये स्क्रोल केलं तर अडकतो का. व्हीएस कोड साधारण २० एमबीच्या वर गेलं की रंग वगैरे स्वतःहून बंद करतो, ते बिघाड नाही. मग प्रोजेक्टमध्ये एक व्हेरिएबल धरा आणि त्याचं नाव सगळीकडे बदला, सगळ्या फाइलींत एक शब्द शोधा, एका ओळीवरून दुसऱ्या फाइलीतल्या फंक्शनवर जा आणि परत या. यात माउस किती वेळा हातात घ्यावा लागला ते मोजा. परत येणं मुद्दाम सांगतोय, जाता सगळ्यांना येतं, परत यायला अडखळायला झालं की विचारांची साखळी तुटते.

मराठीची कसोटी

पावतीवरचा ‘दुसऱ्या हप्त्याची पावती’ हा मजकूर मला बदलायचा होता, प्रोजेक्टमध्ये तो १४ ठिकाणी होता हे मला माहीत होतं, आणि एडिटरने शोधून बदलले ९. उरलेले ५ डोळ्यांना दिसतायत, अक्षरन् अक्षर तेच, आणि शोध म्हणतो नाहीत. अर्धा दिवस गेला. कारण असं की ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडणारं चिन्ह आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच उमटतात पण पायथनला लांबी विचारली तर एकाची ७ येते आणि एकाची ८. दोन माणसांनी दोन कीबोर्डांवरून टाइप केलं की हे होणारच.

म्हणून मराठी फाइलीत हे दोन्ही ‘दुसऱ्या’ मुद्दाम ठेवा आणि बघा एडिटर काही खूण दाखवतो का. व्हीएस कोडमध्ये अदृश्य चिन्हाभोवती चौकट काढायची सोय आहे, पण पूर्ण देवनागरी शब्दात ती दिसेलच असं नाही, म्हणून करून बघा; आधी लोकांना ती चौकट नकोशी वाटते आणि ते बंद करतात, करू नका. नोटपॅड प्लस प्लसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचा (नमुन्यावरून शोधायचा) शोध चालू करून त्या चिन्हाच्या क्रमांकाने, म्हणजे युनिकोड २००डी ने शोधता येतं.

मग ‘क्षत्रिय’, ‘कर्तृत्व’, ‘तऱ्हा’ असे शब्द टाइप करून कर्सर एक एक पाऊल पुढे न्या आणि बॅकस्पेस मारा. कुठे एक मात्रा पुसली जाते, कुठे अख्खं अक्षर, दोन्ही चालतं पण कर्सर दिसतो एकीकडे आणि पुसलं जातं भलतीकडे असं व्हायला नको. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या एडिटरांत हे हमखास होतं कारण टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचा चौकोन देतं आणि आपली जोडाक्षरं त्या चौकोनांत मावत नाहीत, यात विमचा दोष नाही. अक्षरं फाटकी दिसत असतील तर फॉन्टच्या सेटिंगमध्ये इंग्रजी फॉन्टच्या नावानंतर स्वल्पविराम देऊन नोटो सॅन्स देवनागरी लिहा, विंडोजवर निर्मला यूआयही चालतो.

विम घेणाऱ्या मराठी माणसाला एक गोष्ट कुठल्या गाइडमध्ये वाचायला मिळत नाही. विममध्ये लिहायचा मोड वेगळा आणि कमांडचा वेगळा, एस्केपने कमांडच्या मोडमध्ये जाता येतं. कीबोर्ड इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांची कीबोर्ड मांडणी) असताना एस्केप मारून ‘जे’ बटण दाबलंत तर विमला ‘जे’ मिळतच नाही, ‘र’ मिळतो, ‘के’ दाबलं तर ‘क’, ‘आय’ दाबलं तर ‘ग’, आणि विम ढिम्म हलत नाही. प्रत्येक वेळी भाषा बदला, मग कमांड द्या, मग परत बदला. दिवसभर मराठी मजकूर टाइप करणाऱ्याने म्हणूनच साधा, मोड नसलेला एडिटर घ्यावा असं माझं मत आहे. आणि मराठी आकडे जपून. पायथनमध्ये अवतरणातल्या ‘१२’ ला आकड्यात बदलायला सांगितलं तर तो बरोबर बारा देतो, पण कोडमध्ये थेट १२ असं देवनागरीत लिहिलं की एरर, त्यामुळे एडिटरच्या फॉन्टमध्ये देवनागरी आणि इंग्रजी आकडे पटकन वेगळे ओळखू आले पाहिजेत.

ओळीच्या शेवटी काय दडलंय

विंडोजवर बनवलेली ती शेल स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर टाकून चालवून बघा. ‘बॅड इंटरप्रिटर’ असं काहीतरी येईल, कधी तर फाइलच नाही म्हणेल आणि फाइल तर समोर दिसतेय. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी ओळ संपल्याची दोन अदृश्य चिन्हं ठेवतं, सीआर आणि एलएफ, लिनक्स फक्त एलएफ. पहिल्या ओळीत ज्या प्रोग्रामचं नाव असतं त्याला तो सीआर चिकटतो आणि लिनक्स त्या चिकटलेल्या नावाचा प्रोग्राम शोधत बसतो. चांगल्या एडिटरमध्ये हे खालच्या पट्टीत लिहिलेलं असतं, व्हीएस कोडमध्ये उजवीकडे खाली सीआरएलएफ दिसतं, त्यावर क्लिक करून एलएफ निवडा, सेव्ह करा, झालं. जो एडिटर ही गोष्ट समोर दाखवत नाही तो यादीतून काढून टाका. विंडोजच्या साध्या नोटपॅडला तर २०१८ पर्यंत नुसता एलएफ कळतच नव्हता, सगळं एका ओळीत दाखवायचा.

त्याच पट्टीत एन्कोडिंग असतं, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत. यूटीएफ एट हवं, आणि बीओएम नसलेलं. बीओएम म्हणजे फाइलीच्या अगदी सुरुवातीला बसलेले ३ अदृश्य बाइट, पीएचपीत यामुळे ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ ची एरर येते आणि माणूस पहिल्या ओळीकडे बघत बसतो जिथे काहीच चुकलेलं नसतं. पट्टीतलं तिसरं म्हणजे टॅब की स्पेस. यावर वाद घालू नका, पायथनला ४ स्पेस, मेकफाइलला (प्रोग्राम बांधायच्या पायऱ्या लिहिलेली फाइल) टॅबच लागतो, बाकी टीम म्हणेल ते. हे सगळं प्रोजेक्टमध्येच डॉट एडिटरकॉन्फिग नावाच्या फाइलीत लिहून ठेवा, पाच सहा ओळींचं काम आहे, निओविम ती आपणहून वाचतो, व्हीएस कोडला एक छोटं एक्स्टेन्शन लागतं, आणि टीममध्ये कुणी कुठलाही एडिटर वापरला तरी फाइल एकसारखी राहते.

लाइट गेली तर

बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर काम करणारे खूप जण आहेत, आणि आमच्याकडे लाइट सांगून जात नाही. पाच मिनिटं टाइप करा, सेव्ह न करता टास्क मॅनेजरमधून एडिटर मारून टाका, परत उघडा. काय उरलं ते बघा. नोटपॅड प्लस प्लस मूळ सेटिंगमध्ये दर ७ सेकंदांनी नोंद ठेवतो. विम २०० अक्षरं झाली की किंवा ४ सेकंद हात थांबला की बाजूच्या स्वॅप फाइलीत लिहितो, इमॅक्स ३०० बटणं किंवा ३० सेकंद थांबल्यावर. व्हीएस कोड आणि सब्लाइमही न सेव्ह केलेलं परत आणून देतात. पण आकडे वाचून समाधान मानू नका, आपल्या मशीनवर एकदा मारून बघाच.

एक आठवडा, एकच एडिटर

चाचणीत जो पुढे आला तो सात दिवस वापरा, आणि त्या सात दिवसांत थीम बदलायची नाही, आयकॉन बदलायचे नाहीत. एका कागदावर अडलेल्या जागा लिहा. पाचव्या दिवशी जे अडणं कमी झालंय ते कोल्हापुरीचं चावणं होतं. जे तसंच आहे, समजा टाइप करताना अक्षर मागे राहतंय किंवा मराठी फाटतंय, ते माप चुकलंय, दुसरं नाव घ्या.

एक्स्टेन्शन गरज पडल्यावर, एका वेळी एक. व्हीएस कोडचं एक्स्टेन्शन तुमच्याच अधिकाराने चालतं, म्हणजे जी फाइल तुम्हाला वाचता येते ती त्यालाही येते, पासवर्डची फाइलसुद्धा. नावात एखादं अक्षर इकडे तिकडे केलेली नकली एक्स्टेन्शनं असतात, प्रकाशकाचं नाव वाचूनच टाका. एआयने कोड सुचवणारी जी आहेत, कर्सर नावाच्या एडिटरसारखे व्हीएस कोडवरूनच बनवलेले एडिटर धरून, त्यांत तुमचा कोड सहसा दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो, मी सभासदांची माहिती असलेल्या प्रोजेक्टमध्ये ती बंद ठेवतो. आणि शिकणाऱ्याने पहिले सहा महिने बंदच ठेवावीत, लूप हाताने लिहून चुकल्याशिवाय ते डोक्यात बसत नाही.

सेटिंगची फाइल पहिल्या दिवसापासून गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन) ठेवा. गिटहबने, म्हणजे गिटचा कोड ठेवायच्या साइटवाल्या कंपनीने, ॲटम २०१४ मध्ये आणला, लोकांनी जीव लावला, आणि १५ डिसेंबर २०२२ ला तो कायमचा बंद केला. ज्यांना फक्त ॲटमचे मेन्यू पाठ होते त्यांची पंचाईत झाली, ज्यांनी शॉर्टकट आणि सेटिंग लिहून ठेवले होते ती माणसं दोन दिवसांत दुसरीकडे गेली. उलटं उदाहरण विमचं. ब्राम मोलेनार यांनी तो १९९१ मध्ये लोकांना दिला, उघडला की पहिल्याच स्क्रीनवर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा असं लिहिलेलं असायचं, आजही असतं. ते २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले, आणि बाकीच्यांनी काम हातात घेऊन जानेवारी २०२४ मध्ये ९.१ आवृत्ती त्यांच्या नावाने अर्पण केली. तेव्हा एडिटर निवडताना त्याच्यामागे एकच कंपनी आहे की जीव लावणारी माणसं आहेत तेही बघा, फुकट की विकत यापेक्षा ते महत्त्वाचं.

विम निवडला नाही तरी एवढं पाठ करा

सर्व्हरवर कधी ना कधी विमच समोर येतो. आय दाबलं की लिहिता येतं, एस्केपने बाहेर, कोलन डब्ल्यू क्यू म्हणजे सेव्ह करून बंद, कोलन क्यू आणि उद्गारचिन्ह म्हणजे काही न ठेवता बंद. टर्मिनलमध्ये विमट्यूटर टाइप केलं तर अर्ध्या तासाचा धडा मिळतो, एका रविवारी करून टाका. नॅनो असेल तर कमांड खालीच लिहिलेल्या असतात.

गिटमध्ये कमिट करताना, म्हणजे बदलांची नोंद करताना, अचानक विम उघडून गोंधळ होत असेल तर गिटला आपला एडिटर सांगून ठेवा, गिट कॉन्फिगमध्ये कोअर डॉट एडिटर हे नाव आहे. व्हीएस कोड देत असाल तर कोडच्या पुढे डॅश डॅश वेट लिहायला विसरू नका, ते नसेल तर गिट तुमची वाट न बघता पुढे जातं, मेसेज रिकामा म्हणून कमिट सोडून देतं आणि तुम्ही उघड्या खिडकीत मेसेज लिहीत बसलेले असता.